आई-बाबांची सहल: काठी, वॉकर की व्हीलचेअर?

पुण्याहून निघालं की अष्टविनायकाची यात्रा दोन-तीन दिवसांत होते. मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, महड आणि पाली या सात ठिकाणी गाडी देवळाच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचते. आठवं देऊळ जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचं. तिथला गिरिजात्मज डोंगरात कोरलेल्या प्राचीन बौद्ध लेण्यांपैकी एका लेण्यात आहे, आणि दर्शनाला सुमारे ३०० दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. घरात कोणाचाही हात न धरता वावरणाऱ्या पंचाहत्तरीच्या आईला घेऊन निघालेलं कुटुंब या पायऱ्यांशी येऊन थबकतं. सात देवळांना तिची काठी पुरलेली असते. आठव्याला काठी अपुरी पडते, वॉकर निरुपयोगी ठरतो, व्हीलचेअर पायथ्याशीच थांबते. तिथे डोली लागते.

माणूस तोच, सहल तीच, तरी आधार बदलतो. म्हणून सहलीसाठी साधन निवडताना आई-बाबांचं वय आणि आजार यांच्याइतकाच त्या त्या दिवसाचा रस्ताही मोजावा लागतो. किती अंतर आहे, किती पायऱ्या आहेत, पायाखाली फरशी आहे की वाळू, रांगेत किती वेळ उभं राहायचं आहे, मधे बसायला जागा आहे का, हे सगळं निघण्याआधी ठरलं की कोणतं साधन घ्यायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

"बाबा घरी तर काठीशिवाय चालतात" हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं आणि ते खरंही असतं. मात्र घरात भिंत असते, दाराची चौकट असते, ओट्याची कड आणि सोफ्याची पाठ असते. वयस्कर माणूस दर दोन-तीन पावलांवर नकळत कशाला तरी हात लावत चालत असतो. रेल्वेच्या फलाटावर किंवा गडाच्या माथ्यावर हे सगळे आधार एकदम नाहीसे होतात. शिवाय घरातलं सगळ्यात लांबचं अंतर पन्नास पावलांचं असतं. मोठ्या विमानतळावर दारापासून विमानापर्यंत सहज किलोमीटरभर चाल होते.

अडतं कुठे?

सहलीला महिनाभर असताना घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. कॅनडातल्या डायान पॉडसियाड्लो आणि सँड्रा रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये मांडलेली ही 'टाइम्ड अप अँड गो' चाचणी आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट वापरतात. 'चला' म्हटल्यापासून पुन्हा बसेपर्यंत १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका वाढला आहे, असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची मार्गदर्शिका मानते. चाचणी नेहमीच्या चपला-बुटांत आणि नेहमीच्या काठीसह घ्यायची. वेळेबरोबर चालही बघायची. उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो का, वळताना पाय अडखळतात का, हात भिंतीकडे जातो का, हे टिपून ठेवावं.

या चाचणीतून तोल कळतो, दम कळत नाही. त्यासाठी सोसायटीच्या आवारात किंवा बागेत दोन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात: न थांबता किती वेळ चालता येतं आणि एका जागी किती वेळ उभं राहता येतं. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. देवळाची रांग, तिकीट खिडकी, सुरक्षा तपासणी, नाश्त्याचं टेबल रिकामं होण्याची वाट, अशा सगळ्या ठिकाणी उभं राहायचं असतं आणि पुष्कळ ज्येष्ठांना चालण्यापेक्षा तेच जड जातं.

मग येतो नेमका त्रास. गुडघ्यांची झीज झालेल्यांना सपाट रस्ता जमतो, पायऱ्या छळतात, आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त. कण्यात नसांची जागा अरुंद झालेली असेल तर थोडं चाललं की पाय भरून येतात, पण बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. मॉलमधल्या ट्रॉलीवर रेलून हीच माणसं बराच वेळ फिरू शकतात. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर तोल चांगला असूनही अंतर झेपत नाही. पार्किन्सनमध्ये अरुंद दारात किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मधुमेहामुळे तळपायांची जाणीव कमी झाली असेल तर खडबडीत जागा किंवा अंधार आला की तोल जातो. अशांना काठीवर भार टाकायचा नसला तरी तिचा नुसता स्पर्श उपयोगी पडतो, कारण पायाला न कळलेली जमीन हाताला कळते.

गेल्या काही महिन्यांत आई-बाबा पडले असतील, चक्कर येत असेल किंवा चाल एकाएकी बदलली असेल, तर दुकानाआधी डॉक्टरांकडे जायला हवं. औषधांचे डोस, रक्तदाब, मोतीबिंदू यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं आणि त्यावर इलाज होऊ शकतो.

काठीचं गणित

उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरायची? बहुतेकांचा हात आपसूक उजवीकडेच जातो. काठी धरायची डाव्या हातात, आणि उजवं पाऊल पडताना तीही पुढे टेकायची.

याचं कारण खुब्याच्या रचनेत आहे. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला असतं आणि कंबर तिकडे कलू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू जोर लावून तिला धरून ठेवतात. वजन सांध्यापासून लांब आणि स्नायू अगदी जवळ, त्यामुळे स्नायूला वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. वजन आणि स्नायूचा जोर मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर एका पावलाला दीडशे किलोंहून अधिक. विरुद्ध हातातली काठी सांध्यापासून बरीच दूर टेकते, म्हणून तिच्यावर दिलेला थोडासा दाबही स्नायूचं बरंच काम वाचवतो. मिलवॉकीचे अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये हा मुद्दा मांडताना आपल्या लेखाला 'काठी टाकून देऊ नका' असंच शीर्षक दिलं होतं.

काठीची उंची ठरवायला दुकानदाराच्या अंदाजाची गरज नाही. नेहमीची पादत्राणं घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. मग मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतो, साधारण १५ ते ३० अंश. काठी उंच असेल तर खांदा वर चढतो आणि दुखतो, ठेंगणी असेल तर माणूस एका बाजूला झुकतो. आजोबांची ठेवणीतली शिसवी काठी कितीही सुरेख असली तरी ती आजोबांच्या उंचीची असते.

टोकाचं रबरी बूच हा काठीचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात स्वस्त भाग. त्याच्या तळाच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर निघण्याआधी ते बदलायचं आणि एक जादा बरोबर ठेवायचं. देवळाच्या ओल्या संगमरवरावर चांगलं बूचही घसरू शकतं, त्यामुळे बूच पुसायला एक फडकं पिशवीत असावं. पावसाळी सहलीत लांब छत्रीचाच काठीसारखा उपयोग करायची सवय अनेकांना असते. छत्रीचं टोक धातूचं किंवा कडक प्लॅस्टिकचं असतं, तिचा दांडा भार पेलण्यासाठी बनवलेला नसतो, म्हणून ही सवय मोडलेली बरी.

घडीची काठी प्रवासात सोयीची असते, पण प्रत्येक जोड घट्ट बसतो का हे दुकानातच भार टाकून बघावं. चार पायांची काठी एका जागी स्वतः उभी राहते, तोल कमी असलेल्याला घरात आणि सपाट फरशीवर ती चांगली. मात्र तिचे चारही पाय एकाच वेळी टेकले तरच ती आधार देते. गडावरच्या उंच-सखल दगडांवर ती डुगडुगते आणि अरुंद पायरीवर मावत नाही. रांगेत उभं राहणं हीच मुख्य अडचण असेल तर उघडली की तीन पायांची बैठक होणारी काठी मिळते. ती घेताना किती किलो वजन पेलते हे वाचून घ्यावं आणि घरी चार दिवस बसा-उठायचा सराव करावा.

पायऱ्यांचा नियम सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाबरोबर. एक हात कठड्यावर. सोबतच्या माणसाने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावं.

वॉकर आणि त्याची चाकं

काठीने एका बाजूला आधार मिळतो. दोन्ही बाजूंना हवा असेल तर वॉकर. ॲल्युमिनियमचा बिनचाकांचा वॉकर सगळ्यात स्थिर असतो, पण प्रत्येक पावलाला तो उचलून पुढे ठेवावा लागतो. ऑपरेशननंतर घरातल्या घरात चालायला तो योग्य; दिवसभराच्या फिरण्यात हात आणि दम दोन्ही थकतात. पुढच्या दोन पायांना चाकं असलेला वॉकर ढकलत नेता येतो, हॉटेलच्या खोलीत आणि रात्री बाथरूमला जाताना तो उत्तम. पायऱ्यांवर कोणताही वॉकर वापरायचा नाही.

चार चाकं, हँडलवर ब्रेक आणि मधे बसायला जागा असलेल्या वॉकरला रोलेटर म्हणतात. तो स्वीडनमध्ये १९७८ मध्ये आईना विफाल्क या स्त्रीने तयार केला. त्यांना तरुणपणी पोलिओ झाला होता आणि दिव्यांगांसोबत काम करताना बाजारातली साधनं किती अपुरी आहेत हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. जास्तीत जास्त लोकांना रोलेटर मिळावा म्हणून त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. आज युरोपातल्या कोणत्याही शहरात वृद्ध माणसं रोलेटर घेऊन बाजाराला जाताना दिसतात.

कण्याच्या त्रासामुळे थोडं पुढे झुकून चालणं सोयीचं असलेल्यांना आणि दम लागणाऱ्यांना रोलेटरचा मोठा फायदा होतो, कारण थकल्यावर बसायची जागा बरोबरच असते. पण ज्यांना पूर्ण भार हातांवर टाकावा लागतो त्यांच्या खालून तो पुढे निसटू शकतो. बोटांत संधिवात असेल तर ब्रेक दाबता येतो का हे आधी बघायला हवं. बसण्याआधी ब्रेक खाली दाबून लॉक करायचे आणि त्यावर माणूस बसलेला असताना तो कधीही ढकलायचा नाही. ते काम व्हीलचेअरचं. आपल्याकडच्या फुटक्या फुटपाथवर आणि खडीच्या रस्त्यावर रोलेटरची लहान चाकं अडकतात. म्युझियम, मॉल, विमानतळ, क्रूझ किंवा मुलांकडे परदेशात जाणं, अशा सपाट जागांसाठी तो आहे.

व्हीलचेअर आणि आई-बाबांचा नकार

सगळ्यात जास्त विरोध होतो तो व्हीलचेअरला. "मी काय पेशंट आहे का?" या प्रश्नात दुखावलेपण असतं आणि भीतीही असते: एकदा बसलो की कायमचं बसणार. म्हणून खुर्ची कशासाठी न्यायची हे आई-बाबांशी सविस्तर बोलायला हवं. वेरूळला जाणाऱ्या बाबांच्या पायांत दिवसभरात तासभराची चाल असेल, तर ती वाहनतळ आणि तिकिटाच्या रांगेत संपवायची की कैलास लेण्याच्या अंगणात? वाहनतळापासून लेण्यापर्यंत खुर्चीतून जाऊन आत त्यांनी काठी घेऊन हवं तिथे थांबत फिरावं, असा खुर्चीचा उपयोग आहे. ज्यांना थोडं चालता येतं त्यांच्यासाठी ती नेहमी काठीच्या जोडीला न्यायची असते.

घडीची व्हीलचेअर जन्मालाच प्रवासासाठी आली. खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडलेले अमेरिकन इंजिनिअर हर्बर्ट एव्हरेस्ट यांना मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची हवी होती. त्यांनी आणि त्यांचे इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये पोलादी नळ्यांची, बैठकीखाली फुलीसारख्या पट्ट्या असलेली खुर्ची बनवली. आज औषधांच्या दुकानात दिसणाऱ्या बहुतेक खुर्च्या त्याच रचनेच्या आहेत.

मोठ्या मागच्या चाकांची खुर्ची बसलेला माणूस स्वतःच्या हातांनी चालवू शकतो, आणि ढकलणाऱ्यालाही ती खडबडीत रस्त्यावर आणि एखाद-दुसऱ्या पायरीवर सोपी जाते. चारही चाकं लहान असलेली खुर्ची हलकी आणि आटोपशीर असते, पण बसलेला माणूस पूर्णपणे ढकलणाऱ्यावर अवलंबून राहतो आणि खड्ड्यात ती लगेच अडते. पोलादी खुर्ची साधारण १७ ते २० किलोंची, ॲल्युमिनियमची त्याहून बरीच हलकी. हा फरक दिवसातून आठ-दहा वेळा डिकीत ती उचलून ठेवणाऱ्याच्या कमरेला कळतो. आणि डिकीचाही विचार हवाच: सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या डिकीत सिलिंडर असतो, तिथे खुर्ची बहुधा मावत नाही. भाड्याची गाडी ठरवताना हा प्रश्न आधी विचारावा, म्हणजे ऐन वेळी खुर्ची मागच्या सीटवर आणि माणसं दाटीवाटीने असं होत नाही.

बैठकीची रुंदी बसणाऱ्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहील एवढी असावी. फार रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो. पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकले पाहिजेत. लोंबकळणारे पाय तासाभरात सुजतात. गादी हवी आणि दर अर्ध्या तासाने थोडं उठणं किंवा जागेवर हलणं हवं. साडीचा पदर, ओढणी, शाल आणि धोतराचा सोगा चाकाच्या तारांत अडकतो, तो खोचून घेतल्याशिवाय खुर्ची हलवायची नाही.

ढकलणाऱ्यानेही थोडं शिकायला हवं. बसवताना आणि उठवताना दोन्ही ब्रेक लावायचे आणि फूटरेस्ट वर करायचे. फूटरेस्टवर पाय देऊन उठलं तर खुर्ची पुढे उलटते. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे ढकलणारा खालच्या बाजूला राहून, हळूहळू उतरवायची. दोघांनी खुर्ची उचलायची वेळ आली तर हात पक्क्या चौकटीला लावायचे, कारण हाताच्या पट्ट्या आणि फूटरेस्ट बऱ्याच खुर्च्यांत निघणारे असतात.

हॉटेलवाले 'रॅम्प आहे' म्हणतात तेव्हा तो किती उंचीला किती लांब आहे हे विचारावं. प्रमाण १ ला १२ चं: १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १ मीटर ८० सेंटिमीटर लांब उतार. तीन पायऱ्यांवर टाकलेली मीटरभराची फळी ही घसरगुंडी असते.

रेल्वे आणि विमान

मोठ्या स्थानकांवर फलाटावरून गाडीपर्यंत न्यायला व्हीलचेअर मिळते, काही ठिकाणी बॅटरीवर चालणारी गाडीही असते. डब्याच्या दारात मात्र उभ्या, अरुंद पायऱ्या असतात आणि आतली वाट खुर्चीला पुरत नाही. शेवटचा टप्पा पायीच करावा लागतो. मधल्या स्थानकावर गाडी दोन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात सगळी धांदल होते. म्हणून जिथून सुटते तिथूनच चढता येईल अशी गाडी निवडलेली चांगली. ती फलाटावर आधी लागते. ज्येष्ठांसाठीच्या खालच्या बर्थच्या कोट्यात ६० वर्षांपुढचे पुरुष आणि ४५ वर्षांपुढच्या स्त्रिया येतात, पण त्यासाठी एकट्याचं किंवा अशा दोघांचंच तिकीट असावं लागतं. सहा जणांच्या एकत्र तिकिटात आई-बाबांचा हा हक्क निघून जातो. त्या दोघांचं तिकीट वेगळं काढावं.

विमान कंपन्या मदतीची विनंती तीन संकेतांनी नोंदवतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे प्रवासी पायऱ्या चढू शकतो आणि जागेपर्यंत चालू शकतो, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात जागेपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे जागेपर्यंतही न्यावं लागतं. त्यासाठी आतल्या अरुंद वाटेत मावणारी खास खुर्ची असते. नुसतं 'व्हीलचेअर हवी' सांगितलं की बहुधा पहिला संकेत पडतो. मग विमान दूर उभं असलं आणि शिडी लागली, की गुडघेदुखी असलेली आई त्या शिडीपाशी अडते. तिच्यासाठी दुसरा संकेत नोंदवायला सांगायचं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार ही विनंती किमान ४८ तास आधी कळवावी, आणि प्रवाशाच्या स्वतःच्या खुर्चीचं भाडं लागत नाही. ती विमानाच्या दारापर्यंत वापरता येईल का ते विचारून घ्यावं. देताना फोटो काढावा, गादी आणि सुटे होणारे भाग केबिनमध्ये घ्यावेत.

नोंद केली म्हणजे काळजी मिटली असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ८० वर्षांच्या प्रवाशाने स्वतःसाठी आणि पत्नीसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. समोर एकच आली. ती पत्नीला देऊन, दुसरीची वाट न बघता ते तिच्याबरोबर चालत निघाले, इमिग्रेशनजवळ कोसळले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. महासंचालनालयाने विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. दोघंच प्रवास करणाऱ्या आई-बाबांना निघण्याआधीच पक्कं सांगून ठेवावं: दुसरी खुर्ची येईपर्यंत दोघांनीही जागचं हलायचं नाही, कितीही उशीर होवो.

बॅटरीची घडीची व्हीलचेअर नेणार असाल तर बॅटरीवरचे आकडे बघावेत. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी २४० वॅट-तासांची. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीसाठी ३०० वॅट-तासांची मर्यादा असते, ती काढून केबिनमध्ये न्यावी लागते आणि विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

वाळू, गड आणि बाथरूम

गणपतीपुळ्याला देऊळ समुद्राला लागून आहे आणि मागच्या टेकडीभोवतीची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची. बांधलेल्या वाटेवर खुर्ची आणि काठी यांची जोडी चालते. वाळूत उतरलं की खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. तिथे खुर्ची फिरवून उलटी ओढायची, म्हणजे मोठी चाकं पुढे होतात. ओहोटीची वेळ गाठली तर पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावरून बरंच जाता येतं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ मध्ये समुद्राजवळ नेणारी लाकडी वाट दिव्यांगांसाठी बांधली गेली. कोकणच्या किनाऱ्यांवर अशी वाट झाली तर हजारो आजी-आजोबांना लाटांजवळ जाता येईल.

रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, त्यामुळे चौदाशेहून अधिक पायऱ्या वाचतात. पण वर पोहोचल्यावर होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ हे सगळं चालूनच बघायचं असतं, तेही उंच-सखल दगडांवरून. तिथे काठी, घट्ट पट्ट्याची पादत्राणं आणि भरपूर वेळ हेच साधन. घारापुरीला बोटीतून उतरल्यावर छोटी गाडी पायथ्यापर्यंत नेते, पुढे सुमारे १२० पायऱ्या आणि त्यासाठी डोली. डोली ठरवताना बसणाऱ्याचं वजन खरं सांगावं आणि चढायचे-उतरायचे पैसे आधी बोलून घ्यावेत. उचलणाऱ्या माणसांच्या खांद्यावर तो भार येणार असतो.

दिवसभर सगळे आई-बाबांना सांभाळतात आणि रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना ते एकटे असतात. खोली नवी, अंधार अनोळखी, फरशी ओली. साध्या व्हीलचेअरची बाहेरची रुंदी सुमारे २५ इंच असते आणि बऱ्याच हॉटेलांत बाथरूमचं दार जेमतेम तेवढंच. त्यामुळे दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, हे फोनवर विचारून फोटो मागवावा. रबरी चटई, प्लॅस्टिकचं भक्कम स्टूल आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा घरून नेता येतो. हवेच्या दाबाने भिंतीला चिकटणारे दांडे अचानक सुटतात, त्यांच्यावर शरीराचा भार टाकू नये.

विकत की उसनं?

चार दिवसांच्या सहलीसाठी महागडी खुर्ची घ्यायची गरज बहुधा नसते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत सेवाभावी संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालवतात. तिथे अनामत रक्कम ठेवून वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर नाममात्र भाड्याने मिळते. काठी मात्र स्वतःच्या मापाची आणि स्वतःची असावी. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून सुरू आहे. तिच्यात कानपूरच्या एलिम्को या सरकारी कारखान्यातून काठ्या, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्रं मोफत दिली जातात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहित्य घेण्यासाठी तीत एकदा ३,००० रुपये मिळतात.

कुठूनही आणलं तरी साधन निघण्याच्या आठवडाभर आधी घरात यायला हवं. एखाद्या रविवारी आई-बाबांना त्यासह जवळच्या बागेत किंवा बाजारात अर्धा दिवस नेऊन आणावं, गाडीतून, डिकीत घडी करून, एकदा रांगेत उभं राहून, एकदा अनोळखी स्वच्छतागृहात जाऊन. ढकलणाऱ्या नातवालाही तेव्हाच उतारावरची पद्धत समजते. फूटरेस्ट उंच आहे, डावा ब्रेक सैल आहे, काठी एक खाच खाली घ्यायला हवी, बाबांना खुर्चीपेक्षा बैठकीची काठी पसंत आहे, हे सगळं त्या अर्ध्या दिवसात बाहेर येतं आणि बदलून घ्यायला आठवडा हातात असतो.